हात धुतले का?

फॉर्मवर तिसरा प्रश्न हाच असतो
आणि बहुतेक जण न वाचताच 'हो'वर खूण करतात.
गोरक्ष खुटवड, वय चौतीस, राहणार अप्पर बिबवेवाडी,
व्यवसाय हमाली, मार्केट यार्ड, मिरचीचा गाळा,
खिडकीशी वाकून म्हणाला,
"तीनदा साबण लावला, मग गोडं तेल, मग परत साबण.
पण बाई, खरं सांगू का, बोटातून जात नाही ती.
डोळ्याला हात लावायची चोरी आहे मला,
तर मग…"
आणि उरलेलं वाक्य डबीसारखंच
रुमालाखाली झाकून आत सरकवलं.

लग्नाला सात वर्षं.
बायकोच्या तपासण्यांची फाइल वीतभर जाड,
त्याची ही पहिलीच, एका पानाची.
आईने सहा महिने झाले घरात तिखट बंद केलंय.
त्याचं नाही, सुनेचं.
"वैजयंता वरणभात खाते,
मी दिवसभर नाकाने ब्याडगी खातो."
हसत म्हणाला. मध्येच ढास लागली.

सॅम्पल पातळ व्हायला अर्धा तास जातो.
मी चहा घेते, गार झालेला.
मग सदतीस अंशांवर तापलेल्या काचेवर एक थेंब
आणि डाव्या मुठीत टिकटिक करणारा काउंटर.
पळणारे.
जागच्या जागी वळवळणारे.
न हलणारे, न हलणारे, एक दोन डोक्यांचा.

कॉलेजात शिकले होते,
मिरची गरम नसते. ती खोटं बोलते.
पेशीच्या भिंतीत एक दार असतं, भाजलं की उघडणारं,
मिरचीतलं कॅप्सायसिन त्याच दारावर थाप मारतं
आणि आत बोंब उठते, आग लागली, आग लागली.
जिभेला असतं ते दार. डोळ्याला असतं.
आणि या शेपटीवाल्या इवल्या जिवांनाही म्हणे,
जे आतल्या अंधारात ऊब हुंगत निघतात,
की जिथे जरा जास्त ऊब, तिथे कुणीतरी वाट बघतंय.
वाट दाखवणारं आणि चकवणारं,
दार एकच.

बशीतल्या पेशींवर सोडलं तर मरतात, असं वाचलंय.
उंदरांना थोडं थोडं चारलं तर उलट बरंच झालं, असंही.
थोडं म्हणजे किती?
बशीच्या पाठीवर पोतं नसतं.
उंदीर टॉवेलने नाक बांधून ट्रक उतरवत नाही.
"मिरचीनेच का हो, बाई?"
माहीत नाही, मी म्हटलं.
रिपोर्टमध्ये या उत्तराला चौकट नाही.

एक पेशी घडायला सुमारे अडीच महिने लागतात.
आज मे. म्हणजे हे जे मोजतेय
ते फेब्रुवारीअखेर सुरू झालेले,
यार्डात नवी आवक होती तेव्हा,
रात्री अकरापर्यंत गाड्या खाली होत होत्या
आणि तो न जेवता आडवा व्हायचा,
दोन्ही हात अंथरुणाबाहेर टाकून,
तिला लागू नयेत म्हणून.
हे त्याने सांगितलेलं नाही.
फॉर्मवर 'शरीरसंबंध, आठवड्यातून किती वेळा' यापुढे
वाकड्या अक्षरात लिहिलं होतं,
सीझन सोडून.

आकडा आला. वाईट म्हणवत नाही, चांगलाही नाही.
डॉक्टर म्हणतील श्रावणात परत या,
तोवर गाळा बदलता येतो का बघा.
गूळ, शेंगदाणे, काहीही.
तो म्हणाला, "गुळाच्या टोळीत जागा नसते."

पैसे रोख दिले. मळक्या नोटा, घडीवर घडी.
काउंटरवरच्या किशोरीने मोजायला घेतल्या
आणि सातव्या नोटेला शिंकली.
मग पुन्हा. मग डोळे पुसत तिसऱ्यांदा.
"शतंजीव," गोरक्षच्या तोंडून निघून गेलं,
लेकराला म्हणतात तसं,
आणि हात पुढे केला, पाठीवर थोपटायला,
आणि तसाच मागे घेतला.